शाफ्ट का तुटला? मेकॅनिकल इंजिनिअरिंगची चार वर्षं, सोप्या भाषेत

दिवाळीआधी गावी गेलो तेव्हा सोयाबीनची मळणी जोरात होती आणि शेजारच्या काकांचा थ्रेशर मात्र धुऱ्याला उभा होता. शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा लोखंडी दांडा, तुटला होता, त्या हंगामात तिसऱ्यांदा. काकांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले.

"तू तं मेकॅनिकलवाला ना गा. दोन डाव वेल्डिंग मारली, दोन्ही डाव जोडाच्या बाजूलेच तुटला. काऊन?"

मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांनी खरा प्रश्न काढला. पोरगा बारावीला आहे. "त्याले मेकॅनिकलले टाकू का? चार वर्षं थे शिकवतेत तरी काय? मोटार दुरुस्त कराले?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या ह्याच गावातून मी इंजिनिअरिंगला गेलो, आज ते शिकवतो, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्या संध्याकाळी काकांना जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो. बारावीत असलेल्या पोरापोरींसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी जास्त.

आधी सरळ सांगतो: डिग्रीला मोटार दुरुस्त करायला शिकवत नाहीत. ते काम आयटीआयचा फिटर किंवा मोटार मेकॅनिक शिकतो, आणि त्याच्या हाताला जे कळतं ते इंजिनिअरला बरेचदा कळत नाही. डिग्रीत एकच गोष्ट वेगवेगळ्या नावांनी शिकवतात. यंत्रात बल कुठून येतं, कुठे जातं, उष्णता कुठे जाते, गती कशी बदलते, आणि हे सगळं यंत्र बनवायच्या आधी कागदावर, आकड्यांत कसं मांडायचं. बनवायच्या आधी, हे महत्त्वाचं. शाफ्ट तुटल्यावर तो बदलणं वेगळं, आणि किती जाडीचा घेतला असता तर तुटला नसता हे आधी सांगणं वेगळं.

पहिल्या वर्षाचा इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हा विषय घ्या. पोरं त्याला घाबरतात, पण बंडी भरलेल्या माणसाला तो अर्धा येत असतो. कापसाची बंडी मागून जास्त भरली की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढून जास्त भरली तर बैलांच्या मानेवर ओझं येतं. आता हेच आकड्यांत. ६०० किलो माल आहे आणि त्याच्या वजनाचा मध्य आसाच्या २० सेंटीमीटर पुढे आहे. जू आसापासून २५० सेंटीमीटर पुढे आहे. बंडीचं स्वतःचं वजन सोडून देऊ. ६०० ला २० ने गुणा, २५० ने भागा: ४८ किलो. दोन्ही बैलांच्या मानेवर मिळून एवढाच भार. तोच माल आणखी २० सेंटीमीटर पुढे सरकवला की भार ९६ किलो, थेट दुप्पट. माल तेवढाच, बंडी तीच, फक्त वीतभर जागा बदलली. आपल्या आजोबांना हे मानेवरून, बैलाच्या चालीवरून कळायचं. मेकॅनिक्समध्ये ते बैल जुंपायच्या आधी कळतं.

हे गणित मांडायची जी रीत आहे तिला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, कॉलेजात सगळे एफबीडी म्हणतात. एक वस्तू आजूबाजूच्या सगळ्यापासून सोडवून एकटी काढायची आणि तिच्यावर कोण कोण ढकलतंय, ओढतंय, ते बाणांनी दाखवायचं. दिसायला पोरखेळ वाटतो. माझ्या अनुभवात मेकॅनिकलमध्ये मागे पडणाऱ्या दहापैकी सात-आठ पोरांची गाडी इथेच अडकलेली असते. सूत्रं पाठ असतात, पण बाण एक विसरलेला असतो, किंवा उलटा काढलेला असतो. पुढचे सगळे विषय याच चित्रावर उभे आहेत. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत दुसरं काही नाही जमलं तरी चालेल, रोज दोन एफबीडी काढा.

दुसरी अडचण ड्रॉइंगची. एखादी वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूने कशी, हे एकाच शीटवर काढायचं. भारतात फर्स्ट अँगल पद्धत वापरतात, म्हणजे वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली येतं. हे डोक्यात बसायला वेळ लागतो. मला दोन महिने लागले. हॉस्टेलमधल्या एका सीनियरने साबणाची वडी पुस्तकातल्या आकृतीसारखी सुरीने कापून हातात दिली आणि म्हणाला, आता फिरवून बघ. त्या एका वडीत जे कळलं ते आधीच्या आठ शीट्समध्ये कळलं नव्हतं.

वर्कशॉपमध्ये कानस हातात येते. लोखंडाचा चौकोनी तुकडा घासून घासून बरोबर मापाचा करायचा. इथे पहिल्यांदा व्हर्निअर कॅलिपर भेटतो, जो मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर दाखवतो. माणसाचा केसही याच्या दोन-तीन पट जाड असतो. हात दुखतात, फोड येतात, आणि मग कळतं की "थोडासा ढिला" किंवा "जरा टाईट" या शब्दांना यंत्रात आकडा असतो. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी लाल तापवतो, हे जुन्या माणसांनी पाहिलंय. लोखंड एका अंशाला, लांबीच्या एका मीटरमागे, ०.०१२ मिलिमीटरने वाढतं. धावेचा घेर साडेचार मीटर आणि तापमान ५०० अंशांनी वाढवलं तर घेर २७ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्यात ती चाकावर बसते, वर पाणी ओतलं की आवळते, आणि खिळ्याशिवाय धरून राहते. रेल्वेच्या चाकांवरही पोलादी धाव अशीच तापवून चढवत आले आहेत.

आता काकांच्या शाफ्टकडे येतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे तीन विषय त्या तुकड्यात होते.

पहिला विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे एसओएम. दहावीत ज्याला आपण बल म्हणालो, ते किती जागेवर पसरलंय हे इथे बघतात. बल भागिले क्षेत्रफळ, याला स्ट्रेस म्हणतात. एकाच वजनाची दोन माणसं, एक चपलेत आणि एक काठीच्या टोकावर उभा, जमिनीत कोण रुतेल? शाफ्ट कुठे जाड आणि कुठे बारीक केलेला असतो. जिथे जाडी अचानक बदलते, त्या कोपऱ्यात हा स्ट्रेस गर्दी करतो, जसं रुंद पाटाचं पाणी अरुंद बाऱ्यातून जाताना दाटतं. कोपरा जितका टोकदार, तितकी गर्दी जास्त. पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून चावी, म्हणजे लोखंडी पट्टी, बसवायला जी खाच पाडतात, तिच्या कोपऱ्यातही तेच.

पण गर्दी तर पहिल्या दिवसापासून होती. मग शाफ्ट पहिल्या दिवशीच का तुटला नाही?

कुंपणाची तार पक्कड नसताना आपण कशी तोडतो? इकडे वाकवायची, तिकडे वाकवायची, आठ-दहा वेळा. एका वाकवण्यात ती तुटत नाही. शाफ्टचंही तसंच होतं, फक्त ते डोळ्याला दिसत नाही. पट्टा त्याला सतत एकाच बाजूला ओढत असतो, त्यामुळे तो केसभर वाकलेला असतो. पण तो फिरतोही आहे. म्हणून त्याच्या अंगावरचा एकच ठिपका धरा: अर्ध्या फेऱ्यात तो ताणला जातो, उरलेल्या अर्ध्यात दाबला जातो. प्रत्येक फेऱ्याला एकदा इकडे, एकदा तिकडे. ट्रॅक्टरच्या पीटीओचा, म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचा, नेहमीचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. थ्रेशरचा शाफ्टही तेवढाच फिरतो असं धरलं तर तासाला ३२,४०० फेरे झाले. दहा तास मळणी केली तर सव्वातीन लाख. तीन दिवस आणि वर एखादा तास, की दहा लाख.

हा दहा लाखांचा आकडा मी उगाच धरलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात रेल्वे डब्यांचे आस असेच, काही कारण न दिसता, चालत्या गाडीत तुटायचे. जर्मनीत ऑगस्ट व्योलर नावाच्या इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवून, भार कमी-जास्त करून, किती फेऱ्यांनी तुटतात हे मोजलं. त्यातून एक मोठी गोष्ट हाती आली. पोलादावरचा स्ट्रेस एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते साधारण दहा लाख फेऱ्यांनंतरही तगतं, आणि मग जवळजवळ कितीही फिरवा. मर्यादेच्या वर असेल तर आज ना उद्या तुटणारच. धातूच्या या थकव्याला फटीग म्हणतात. थ्रेशरचा शाफ्ट पहिला दिवस काढतो, दुसरा काढतो, आणि ऐन रास पडायच्या वेळी जातो, त्याचं कारण हे.

काकांना मी तुटलेला भाग उन्हात धरून दाखवला. एका बाजूने तो गुळगुळीत होता, आणि त्यावर नदीकाठच्या वाळूत पाणी उतरताना राहतात तशा वक्र रेषा होत्या. तडा तिथून सुरू झाला होता आणि रोज थोडा थोडा आत सरकत होता. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार, तो शेवटच्या क्षणी एका झटक्यात तुटलेला. तडा कुठून निघाला, हे त्या रेषांवरून बोट ठेवून सांगता येतं. आमच्याकडे तो वेल्डिंगच्या अगदी लगत निघाला होता.

का, हे मटेरियल सायन्समध्ये कळतं. वेल्डिंगने शाफ्टचा तो भाग वितळण्याइतका तापतो आणि बाजूच्या थंड लोखंडामुळे झटकन निवतो. विळ्याला पाणी देताना लोहार तेच करतो: तापवून पाण्यात बुडवला की धार कडक होते, पण ठिसूळही होते. वेल्डिंगच्या लगतची पट्टी अशीच नकळत कडक आणि ठिसूळ होऊन बसते. जोड मजबूत, शेजार ठिसूळ. म्हणून दोन्ही डाव जोडाच्या बाजूलाच गेलं. वेल्डिंगवाल्याचा यात दोष नव्हता, त्याने जोड चांगलाच केला होता.

आणि तिसरा विषय मशीन डिझाइन, जिथे हे सगळं एकत्र करून ठरवायचं की शाफ्ट किती जाड, कुठल्या पोलादाचा, आणि कोपऱ्याला किती गोलाई. यंत्राच्या गती आणि गिअर शिकवणारा विषय, थिअरी ऑफ मशीन्स, याच्या आसपासच येतो. नांगरताना तासाच्या शेवटी ट्रॅक्टर वळतो तेव्हा बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी कसं फिरतं, हे डिफरन्शिअलचं कोडं तिथे सुटतं, आणि सुटतं तेव्हा फार आनंद होतो.

आता उष्णतेची बाजू. थर्मोडायनॅमिक्स हा शब्द ऐकूनच पोरं हबकतात, आणि खरं सांगायचं तर हा विषय दोनदा शिकल्याशिवाय कुणालाच नीट कळत नाही. पण विदर्भात ज्याने एक उन्हाळा काढलाय, त्याच्या घरात याची प्रयोगशाळा असते. कूलर.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना कूलर खोली ३० च्या आसपास आणतो. जुलैत, बाहेर ३२ असताना, तोच कूलर काही कामाचा राहत नाही, उलट अंग चिकचिक होतं. कारण कूलरमधला पंखा थंडी बनवत नाही. थंडी येते ती ताट्यांवरच्या पाण्याची वाफ होण्यातून. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती ते त्या हवेतूनच घेतं. एक लिटर पाणी असं उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. मोठा कूलर भर दुपारी तासाला पाच लिटर पाणी सहज पितो. पाच लिटरचे १२,००० किलोज्यूल, तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागले की ३.३ किलोवॉट. म्हणजे जवळपास एक टनाच्या एसीएवढी उष्णता हवेतून काढली, आणि वीज खाल्ली पंखा-पंप मिळून दोनशे-अडीचशे वॉट. एसी हवेतली वाफही काढून टाकतो, कूलर वाफ वाढवतो, हा फरक लक्षात ठेवा. आणि तोच जुलैत नडतो: हवा आधीच पाण्याने भरलेली, ताटीवरचं पाणी उडायला जागाच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात धरला तर तो जिथे थांबतो, त्याच्या खाली कूलर कधीच नेऊ शकत नाही. कोरड्या मे महिन्यात, हवेत १५ टक्के आर्द्रता असताना, ४५ अंशाला हा आकडा २४ येतो. जुलैत ३२ अंशाला, ८० टक्के आर्द्रतेत, तो २९. हे सगळं एका तक्त्यावरून काढता येतं, त्याला सायक्रोमेट्रिक चार्ट म्हणतात, आणि तो वाचायला मेकॅनिकलमध्ये शिकवतात.

इथून चंद्रपूर लांब नाही. २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे तिथे. अशा केंद्रांचे कमरेत निमुळते, उंच मनोरे लांबून दिसतात आणि त्यातून पांढरं काहीतरी निघत असतं. लोक त्याला धूर म्हणतात. धूर बाजूच्या बारीक चिमणीतून जातो. मनोऱ्यातून निघते ती वाफ, कारण तो मनोरा म्हणजे एक प्रचंड कूलरच आहे: गरम पाणी वरून ठिबकत येतं, त्यातलं थोडं उडून जातं, उरलेलं थंड होतं. ते थंड पाणी कशाला लागतं, याचं उत्तर सादी कार्नो या फ्रेंच माणसाने १८२४ साली, २८ व्या वर्षी देऊन ठेवलंय. उष्णतेतून काम काढायचं तर ती गरम जागेकडून थंड जागेकडे वाहिली पाहिजे, आणि काही उष्णता त्या थंड जागेत सोडावीच लागते. धरणाचं पाणी वरून खाली पडलं तरच चक्की फिरते, तसं. वाफ ५४० अंशांची आणि थंड बाजू ४५ अंशांची असेल तर कार्नोच्या हिशेबाने जास्तीत जास्त ६१ टक्के उष्णतेचं काम होऊ शकतं. प्रत्यक्षात जुन्या संचांत ते ३५ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे जाळलेल्या कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता विजेत येत नाही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला झोप लागली नव्हती. आपल्याच जिल्ह्यांतला कोळसा, आपल्याच नद्यांचं पाणी, आणि त्यातला एवढा हिस्सा हवेत जातो, आणि निसर्गाचा नियमच असा असल्यामुळे तो सगळा कधीच वाचणार नाही, फक्त थोडा कमी करता येईल. त्या "थोडा कमी" वर जगभरचे इंजिनिअर काम करतात.

फ्लुइड मेकॅनिक्सचं एकच उदाहरण देतो. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो फक्त नळीतली हवा कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला वर ढकलते. हवेचं ते ढकलणं जास्तीत जास्त १०.३ मीटर, आणि व्यवहारात सहा-सात मीटर. म्हणून वैशाखात पाणी खाली गेलं की मोनोब्लॉक मोटार दोराने विहिरीत खाली उतरवावी लागते. मोटार कितीही हॉर्सपॉवरची असो.

गणिताबद्दल लपवत नाही. एम-१, एम-२, एम-३ हे विषय बॅक लागण्यात, म्हणजे नापास होऊन पुन्हा द्यावे लागण्यात, सगळ्यात पुढे असतात. त्यात बदलाचं गणित असतं: काहीतरी किती वेगाने बदलतंय यावरून पुढे ते किती होईल हे काढणं. बारावीला डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन नुसतं सूत्र म्हणून पाठ केलं असेल, तर इथे दमछाक होते. इंग्रजीची अडचण मात्र लोक समजतात तेवढी मोठी नाही. दहावीपर्यंत मराठीत बल, त्वरण, संवेग शिकलेल्या पोराने एका वहीत इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि एक घरचं उदाहरण असं लिहीत गेलं तर एका सेमिस्टरमध्ये भीती जाते. मी तसंच केलं होतं. फोर्स म्हटलं की बल, टॉर्क म्हटलं की मोटेवरचं चाक.

एक खंत मनापासून सांगतो. बऱ्याच ठिकाणी मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून पास होता येतं आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजारात तयार मिळतो. मी शिकत होतो तेव्हा आमच्याच वर्गातल्या तीन गटांनी एकाच दुकानातून एकच मॉडेल आणलं होतं, रंग फक्त वेगळे. ज्या पोराच्या घरी थ्रेशर आहे, जिनिंगचं गाव जवळ आहे, भंडारा-गोंदियाकडे असेल तर राइस मिल शेजारी आहे, त्याने प्रोजेक्ट विकत आणावा याचं मला फार वाईट वाटतं. प्रश्न त्याच्या अंगणात पडलेले असतात.

प्रवेशाचं थोडक्यात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन एमएचटी-सीईटी द्यायची. ती २०० गुणांची, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि निम्मे गुण गणिताला. मग कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून, कॉलेज. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षालाही येता येतं, आणि ज्या घरात लवकर कमाई लागणार आहे तिथे मी तोच रस्ता सुचवतो, कारण मध्येच थांबावं लागलं तरी हातात कागद असतो. विदर्भात नागपूरला व्हीएनआयटी आहे, तिथे मात्र सीईटी नाही, जेईई मेन लागते. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर इथे सरकारी कॉलेजं आहेत. शेगाव, सेवाग्रामसारखी खासगी आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मेकॅनिकल मुलींचं नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. माझ्या वर्गातली सगळ्यात सफाईदार कानस दिग्रसकडच्या एका मुलीने घासली होती.

नोकरीचंही स्वच्छ सांगतो. आज ओढा कॉम्प्युटरकडे आहे, आणि मेकॅनिकलची सुरुवात बहुतेकांची कमी पगारावर, नागपूरजवळ बुटीबोरीत किंवा पुण्याजवळ चाकणला, शिफ्टमध्ये होते. कोळसा, सिमेंट, कागद, आयुध निर्माणी, वीज हे विदर्भातलेच उद्योग आहेत. गेट परीक्षेतून सरकारी कंपन्यांची वाट आहे. पहिली तीन-चार वर्षं चिकाटी लागते. ज्याला यंत्र उघडून बघायची भूकच नाही, त्याने केवळ सीट मिळते म्हणून ही शाखा घेऊ नये.

काकांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मंग आता या शाफ्टचं काय करू?"

म्हटलं, आता वेल्डिंग नको. तालुक्याच्या लेथवाल्याकडून नवीन अख्ख्या सळईचा काढून घ्या, आणि जिथे जाडी बदलते तिथे टोकदार कोपरा न ठेवता तीन-चार मिलिमीटरची गोलाई द्यायला सांगा. बेअरिंग बसायला अडचण होणार नाही एवढं त्याला बघू द्या. पोरगा शेजारीच उभा होता. त्याने वहीच्या मागच्या पानावर शाफ्ट काढला, कोपऱ्यात गोलाई दाखवली आणि लेथवाल्यासाठी माप लिहिलं. बेअरिंगची बाजू विसरला होता, ती मी दाखवली तेव्हा त्याने खोडून पुन्हा काढलं. तुटलेला तुकडा मात्र काकांनी परत मागितला नाही. तो माझ्या टेबलावर आहे, पहिल्या वर्षाच्या पोरांना तडा कुठून सुरू झाला ते शोधायला देतो.